विटांची गाय

"या विश्वात काहीही नाहीसं होत नाही!"

राधाकृष्ण मास्तरांनी मारुतीच्या देवळात, उजवा हात पार घंटेपर्यंत नेत हे वाक्य उच्चारलं, तेव्हा घंटेवरच्या दोन चिमण्या उडाल्या आणि समोर बसलेल्या मांडवओढेकरांनी माना डोलावल्या. मान डोलवायला मांडवओढ्यात वाक्य कळावं लागत नसे. ते जोरात आलं म्हणजे पुरे.

"वस्तू रूप बदलते, जागा बदलते, पण नाहीशी होत नाही. जेवढं आत जातं, तेवढं एक तर बाहेर येतं, नाही तर आतच राहतं. तिसरी वाट ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही!"

व्याख्यान संपलं, प्रसादाचे शेंगदाणे वाटून झाले, आणि मास्तर बाहेर येऊन बघतात तर त्यांच्या चपला नाहीशा झाल्या होत्या.

"न्हाईशा कुठं झाल्या, मास्तर?" छगन म्हणाला. छगनला गावात काम असं नव्हतं, पण बोलणं लागेल तिथं तो हजर असे. "जागा बदलल्यात."

मास्तरांनी हे मान्य केलं. शास्त्राच्या माणसाला मान्य करावंच लागतं. अनवाणी घरी जाताना त्यांच्या टाचेत बाभळीचा काटा गेला, तोही नियमाला धरून आतच राहिला.

गोष्ट एकाहत्तर सालची. मांडवओढं श्रीगोंदा तालुक्यात, एस.टी. जिथं वळून परत जाते त्याच्याही थोडं पुढं. मास्तर तिथल्या हायस्कुलात शास्त्र शिकवत. ते नुसतं व्याख्यानासाठी व्याख्यान देणारे नव्हते; त्यामागं एक डोळा होता. मुक्ताचा डावा डोळा.

मुक्ता ही राहीबाईंची सून. पूर्वी मास्तर श्रीरामपूरला होते तेव्हा ती त्यांच्या वर्गात होती, आणि "पाणी आटतं म्हणजे कुठं जातं, सर?" असं विचारणारी सगळ्या वर्गात ती एकटी. बाकीचे पाणी आटेपर्यंत घंटा व्हायची वाट बघत. मुक्ता लग्न होऊन मांडवओढ्याला आली, मागोमाग मास्तरांचीही बदली तिथंच झाली, आणि पाहतात तर ही पोरगी ओल्या गोवऱ्यांच्या धुरात बसून डोळे पुसतेय. नगरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, धूर बंद करा, नाही तर डावा डोळा जाईल. पाठोपाठ उजवाही जाईल, हे त्यानं सांगितलं नव्हतं. पण तिचा नवरा गहिनीनाथ परतीच्या एस.टी.त सारखा तिच्या उजव्या डोळ्याकडं बघत होता.

मास्तरांनी उपाय काढला: गोबर गॅस. परसात खड्डा, खड्ड्यात विटांची विहीर, वर लोखंडी टाकी पालथी. एका बाजूनं शेणकाला घालायचा, आत तो कुजतो, गॅस टाकीत साठतो, आणि कुजलेलं पातळ शेण दुसऱ्या बाजूच्या नळीतून बाहेरच्या कुंडीत. या पातळ शेणाला सरकारी पत्रकात रबडी म्हटलं होतं. गावातल्या निम्म्या पोरांचं रबडीवरचं मन त्या दिवसापासून उडालं.

अनुदान मिळत होतं, गवंडी तयार होता, गहिनीनाथ तयार होता. तयार नव्हत्या राहीबाई.

"मास्तर, ताकात लोनी ऱ्हातं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग शेनातनं ग्यास काडल्यावर शेनात कस कसा ऱ्हाईल? वरचं लोनी तुमी चुलीत जाळनार, आन् माज्या रानाला ताक पाजनार?"

मास्तरांनी बरीच मोठी भाषणं ऐकली होती, त्यातली काही स्वतःचीच. पण इतका नेटका मुद्दा त्यांच्यासमोर कधी आला नव्हता. राहीबाईंचं रान म्हणजे मुरमाड जमीन. नवरा गेल्यावर त्या बाईनं पाटी-पाटी शेणखत घालून त्या मुरमाला माती म्हणवून घ्यायला शिकवलं होतं. सुनेवर त्यांचा राग नव्हता. सुनेच्या डोळ्यात तूप घालायला त्या स्वतः उठत. पण "डोळ्याला दवा तरी हाय, रान उपाशी मेलं तर कोनत्या डाक्टरकडं न्यावं?" या प्रश्नाला त्या घट्ट धरून होत्या.

"राहीबाई," मास्तर म्हणाले, "गॅसमधून जातो तो कोळशाचा अंश. पिकाला लागतो तो नत्र. तो आतच राहतो, रबडीबरोबर बाहेर येतो. उलट गोवरी जाळता तेव्हा तो सगळा धुरात जातो. तुमच्या रानाचा कस रोज सकाळ-संध्याकाळ सुनेच्या डोळ्यात जातोय!"

राहीबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "दाखवा."

आता नत्र दाखवायचा कसा? तो हवेसारखा असतो, आणि हवा दाखव म्हटल्यावर भले भले गार पडतात. मास्तरांनी मुळापासून सुरुवात करायची ठरवलं. राहीबाईंची कपिला गाय मध्ये उभी केली. तिनं खाल्लेला कडबा तोलला, प्यालेलं पाणी मापलं, टाकलेलं शेण तोललं. गोमूत्रासाठी गहिनीनाथ बादली घेऊन तिच्या मागं उभा राहिला. पण माणूस बादली घेऊन मागं उभा राहिला की गाय संकोचते, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. दिवस मावळताना हिशेब झाला, आणि आत गेलेल्यापेक्षा बाहेर आलेलं कितीतरी कमी भरलं.

"मास्तर, तुमचा कायदा लंगडला," छगन म्हणाला. "का गायीनं बी चपला पळवल्या?"

"उरलेलं श्वासातून गेलं," मास्तर शांतपणे म्हणाले.

"गाय नाकातनं कडबा सोडती?"

मास्तरांनी एका पोराची लिहायची पाटी कपिलाच्या नाकाशी धरली. पाटीवर दव साचलं. "हे तिनं प्यालेलं पाणी. आता कडबा बघा." त्यांनी पानाच्या चुन्याची नितळ निवळी एका पेल्यात घेतली, पपईचा पोकळ देठ तिच्यात बुडवला आणि फुंकर घालत राहिले. स्वच्छ पाणी हळूहळू पांढरं झालं. "मी दुपारी खाल्लेल्या भाकरीतला कोळसा हा असा श्वासातून येतोय. गाईचाही तसाच. आणि त्या खड्ड्यातून गॅस येईल तोही तसाच. गोबर गॅस म्हणजे दुसरं काही नाही, विटांची गाय आहे ती! पोट तेच, पचन तेच. खाईल ते सगळं परत देईल."

लोक गंभीर झाले. छगन पेला निरखत म्हणाला, "मास्तर, हे पान्याचं दूध तेवढं सोसायटीला घालू नका. आमची फ्याट आदीच कमी लागती."

राहीबाईंना मात्र त्यातलं एकच पटलं: विटांची गाय. गाय म्हटल्यावर त्यांच्या मनात कुठंतरी कडी निघाली. पण रोकडा पुरावा त्यांना हवाच होता. त्यांनी अट घातली. रोजच्या शेणातली एक पाटी उकिरड्यात, एक पाटी विटांच्या गायीला. परसामागं पाण्याच्या विहिरीजवळ मक्याचे दोन वाफे, सारखे. एकाला उकिरड्याचं खत, दुसऱ्याला तिची रबडी. उरलेल्या शेणाच्या गोवऱ्या आणि घरचा स्वयंपाक निकाल लागेपर्यंत चुलीवरच. "रबडीचा वाफा मागं पडला, तर मी खड्डा मुरूम टाकून बुजवनार. मंग मुक्ते, तुजं माजं नशीब. कबूल?"

"कबूल, आत्याबाई," मुक्ता म्हणाली, आणि पदरानं डोळा पुसला.

मास्तरही कबूल म्हणाले. पण घरी गेल्यावर त्यांना झोप लागेना. वर्गातला प्रयोग फसला तर फळा पुसता येतो. इथं फळा म्हणजे त्या पोरीचा डोळा होता.

खड्डा झाला, टाकी बसली. पाऊस त्या साली पाहुण्यासारखा आला, चहा घेऊन गेला. पण राहीबाईंच्या विहिरीला पाणी होतं. विटांच्या गायीनं महिनाभर काही केलं नाही, मग एके सकाळी टाकी वीतभर वर उचलली गेली. गहिनीनाथनं शेगडी पेटवली. निळी ज्योत आली. तिच्यावर मास्तरांना एक कप चहा मिळाला, तेवढाच. बाकी घर अटीला बांधलेलं. तो चहा मास्तर इतका सावकाश प्याले की त्यावर साय धरली.

रबडी बाहेर येऊ लागली. नवरात्रात मका पेरला, वर आला, आणि रबडीच्या वाफ्यानं पहिल्यापासूनच रंग धरला. मास्तर शाळेत जाताना एकदा आणि येताना एकदा वाफ्यावरून जात. दोन्ही वेळा तो रस्ता वाकडा पडे.

आणि दिवाळी आली. दिवाळीनंतर मक्याला खताचा दुसरा हप्ता द्यायचा होता. आणि ऐन सणात विटांच्या गायीनं रबडी देणं बंद केलं.

एक दिवस गेला, दुसरा गेला. इकडून रोज पाटीभर शेण आत जातंय, तिकडून थेंब नाही. पाडव्याची पाहुणेमंडळी गेल्यावर राहीबाईंनी मास्तरांना बोलावणं धाडलं. मास्तर गेले तर परसात मुरमानं भरलेली बैलगाडी उभी, भोवती निम्मं गाव.

"खाल्लं का न्हाई हिनं?" राहीबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "दिवाळीभर माज्या रानाच्या तोंडचं काडून हिला घातलं. काय दिलं हिनं? मास्तर, मी तुमच्यावर भरवसा ठेवला हुता."

"गाबण असंल," छगन म्हणाला. "गाबण गाय आटती."

कुणी हसलं नाही. मुक्ता दारात उभी होती. तिच्या डोळ्यांच्या कडा लाल होत्या, आणि त्या वेळी काही चूल पेटलेली नव्हती.

मास्तर रबडीच्या कोरड्या कुंडीत वाकून बघू लागले. मग कुणीतरी वर्गात प्रश्न विचारावा तशी मुक्ताच हळू म्हणाली, "सर, बाहेर आलं नाही, म्हणजे आतच असणार ना?"

मास्तरांनी तिच्याकडं पाहिलं. मग जानवं सरळ करावं तसा सदऱ्याचा काठ सरळ केला आणि म्हणाले, "गहिनीनाथ, गाडीचा बैल सोड आणि एक कळक आण."

कळक टाकीच्या कडेनं आत सोडला, बाहेर काढला. रबडी पहिल्यांदा बाहेर आली त्या दिवशी मास्तरांनी आतल्या विटेवर गेरूची खूण केली होती. शेणाची पातळी त्या खुणेच्या हातभर वर चढली होती.

"हे बघा!" मास्तर ओरडले. "खाल्लेलं सगळं पोटात आहे! एक शिंतोडासुद्धा नाहीसा झालेला नाही! हिला काहीही झालेलं नाही, राहीबाई. हिला फक्त... अडकलंय."

"कुठं?"

"जिथून बाहेर यायचं तिथं."

आता हात कुणी घालायचा, हा प्रश्न आला. गवंडी म्हणाला, माझं काम बांधण्याचं. छगन म्हणाला, माझं बोलण्याचं. मास्तरांनी सदरा काढून बाभळीला टांगला, बाहेरच्या कुंडीत पाय रोवून उभे राहिले, आणि नळीत खांद्यापर्यंत हात घातला. गालही कुंडीच्या काठाला टेकला होता. नगर जिल्ह्यात शास्त्राची इतकी जवळून ओळख क्वचितच कुणी करून घेतली असेल.

"काहीतरी आहे," ते म्हणाले. "गोल आहे. टणक आहे. वर कापड आहे."

"वासराचं डोस्कं!" गर्दीतून आवाज आला. छगनची गाबणपणाची शंका लोकांच्या मनात अजून जिवंत होती.

मास्तरांनी ओढलं. आधी काही झालं नाही. मग आतून एक खोल, समाधानी उसासा आला, आणि मास्तर ते गोल टणक काहीतरी छातीशी धरून मागं कोसळले. त्यांच्यावरून रबडीचा लोंढा गेला. दिवाळीभराचं सगळं देणं विटांच्या गायीनं एका दमात चुकतं केलं. कुंडी भरली, चर भरला, आणि रबडी मक्याच्या वाफ्याकडं धावत सुटली. पोरं तिच्या पुढं पळत होती, गहिनीनाथ खोरं घेऊन वाट मोकळी करत होता, बैल हंबरला. मास्तर उठून बसले. डोळे तेवढे दिसत होते, आणि ते हसत होते.

त्यांच्या हातात नारळ होता. हिरव्या खणात गुंडाळलेला, गाठ मारलेला, वर हळदीकुंकवाचा माग.

मांडवओढ्यात हिरवा खण नवा नसतो. कुणी दिला, कुणाकडून आला, हे प्रत्येक बाईला पाठ असतं. सगळ्या बायकांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

"माजाच हाय," राहीबाई म्हणाल्या.

"आये!" गहिनीनाथच्या हातातून खोरं पडलं.

"काय आये? वसुबारस हुती. कपिलाची ओटी भरली, वासराला घास दिला. हिला बी गायच म्हनत्यात मास्तर. मंग सनाच्या दिवशी हिला तशीच ठिवायची? वाईट दिसतं." राहीबाईंनी पदर सारखा केला. "आन् गायीच्या शेपटाकडं लक्ष्मी असती. म्हनून त्या अंगाला भरली ओटी. आत गेला नारळ, म्हनलं, पावली."

 सगळ्या गावात या यंत्रावर जिचा विश्वास नव्हता, तिनंच एकटीनं, कुणाला न सांगता, त्याची पूजा केली होती. मास्तरांनी नारळ दोन्ही हातांनी राहीबाईंच्या पुढं केला.

"राहीबाई, ओटी पावली," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी फक्त तोंडाकडून वाकून नमस्कार करा."

मुक्ता दारात तोंडाला पदर लावून हसत होती. हसताना डोळ्यातून पाणी येत होतं, आणि ते पुसायची तिला घाई नव्हती. मुरमाची गाडी गहिनीनाथनं रस्त्यावरच्या खड्ड्यात नेऊन रिकामी केली. तो खड्डा बुजावा म्हणून पंचायतीनं तीन ठराव केले होते. तोही त्या दिवशी मार्गी लागला.

मका कापायच्या आठवड्यात रेडिओवर लढाई जिंकल्याच्या बातम्या होत्या. मांडवओढ्यानं फटाके उडवले, पण बातम्या संपल्या की लोक राहीबाईंच्या रानाकडं वळत. देवळाच्या पारावर तराजू टांगला. एका पारड्यात उकिरड्याच्या वाफ्याचा चारा घातला, दुसऱ्यात रबडीच्या वाफ्याचा. तोलताना राहीबाईंनी तराजूची दांडी स्वतः धरली, कारण मास्तर आनंदाच्या भरात बोट लावतील अशी त्यांना रास्त भीती होती.

रबडीचं पारडं जड झालं. थोडंथोडकं नाही, उकिरड्याच्या बाजूला मापं कमी पडून छगनला उचलून ठेवावं लागेल की काय, अशी चर्चा झाली. छगन म्हणाला, माझं वजन बोलण्यात आहे. कपिलानं दोन्ही भारे सारख्याच चवीनं खाल्ले. पण शास्त्राच्या प्रयोगात गायीला मत नसतं.

राहीबाईंनी रबडीच्या पारड्यातलं मक्याचं एक ताट उचललं, बोटानं त्याची जाडी पाहिली, पान चोळून वास घेतला. एवढा वेळ त्यांनी सुनेचं स्थळ बघतानाही घेतला नव्हता. मग त्या म्हणाल्या, "कस हाय." आणि मागं न बघता, "मुक्ते, आजपासनं चूल बंद."

लोकांनी आरोळी ठोकली. कुणीतरी हलगी आणली. सकाळच्या उरलेल्या फटाक्यांची माळ लागली. गाव तसंच्या तसं राहीबाईंच्या घरी लोटलं, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत जितकी डोकी मावतील तितकी कोंबली गेली. मुक्तानं शेगडी पेटवली. ज्योत निळी, ताठ, आवाज न करणारी. तिनं भाकरी थापली, तव्यावर टाकली, उलटली, मग ज्योतीवर धरली. भाकरी टम्म फुगली. मुक्ता तिच्याकडं बघत राहिली. लग्न झाल्यापासून तिनं हजारो भाकरी केल्या होत्या, पण फुगताना दिसलेली ही पहिलीच.

ती भाकरी मास्तरांना मिळाली. सरपंचांनी त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. ओसरीवर खुर्ची मांडली गेली. शेजारच्या दोन गावांची माणसं आली होती, त्यांना आपापल्या गावात विटांची गाय हवी होती. श्रीगोंद्याहून आलेला एक अधिकारी मास्तरांचं नाव कागदावर उतरवून घेत होता. मास्तर उभे राहिले, हार सारखा केला, घसा साफ केला. हलगी थांबली. सगळं गाव कान टवकारून बसलं. आज त्यांना वाक्य कळणार होतं.

"मित्रहो," मास्तर म्हणाले.

तेवढ्यात राहीबाई आतून ओसरीवर आल्या. हातात खरकटी परात, परातीत तवा आणि चार पातेली. त्या मास्तरांपाशी येऊन थांबल्या.

"मास्तर, भाषान करा सावकाश," त्या म्हणाल्या. "फकस्त येक काम हुतं. आता आमच्या चुलीत राख न्हाई. तुमच्याकडं अजून चूलच हाय न्हवं? सांजच्याला सूपभर राख धाडून द्या. भांडी घासायची ऱ्हायल्यात."